हिरव्या त्रिकोणाखाली

कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर, डब्यावर, पुडीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. गावात त्याला त्रिकोणच म्हणतात. लाल त्रिकोण म्हणजे जहाल, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. कृषी सहायकापासून कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरच्या पोरापर्यंत सगळे हेच शिकवतात. त्रिकोण हिरवा असला की माणूस पुडी दाताने फोडायलाही कचरत नाही. पेरणीआधी ती पावडर बियाण्याला उघड्या हातांनी चोळली जाते, आणि शेजारी बसलेलं दहा-बारा वर्षांचं पोर घमेल्यातलं बी खालीवर करून मदत करतं.

हा रंग कशावरून ठरतो? १९७१च्या कीटकनाशक नियमांत १९ क्रमांकाचा नियम आहे, त्यात कोष्टक दिलेलं आहे. उंदरांना विष तोंडावाटे द्यायचं, आणि किलोभर वजनामागे किती मिलिग्रॅम दिल्यावर त्यांतले निम्मे मरतात ते मोजायचं. ५० मिलिग्रॅमपर्यंत मेले तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याहून जास्त लागलं तर हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या विषासाठीही अशीच मोजणी आहे. बस्स, एवढंच. प्राणी मेला की नाही, यापलीकडे त्या रंगाला काही कळत नाही. शिवाय या चाचणीला घेतात ते उंदीर आठ ते बारा आठवड्यांचे, म्हणजे वयात आलेले आणि धडधाकट असतात. पोटातल्या पिल्लाचं काय होतं, नुकतं दूध सुटलेल्या नराचं काय होतं, हे या चाचणीत विचारलंच जात नाही. आणि एखादा नर मेला नाही, नुसता निर्बीज झाला, तर या हिशेबात तो जगलेल्यांत धरला जातो.

विंक्लोझोलिन नावाचं एक बुरशीनाशक आहे. निम्मे उंदीर मारायला त्याचे किलोमागे १०,००० मिलिग्रॅमही पुरत नाहीत, म्हणजे आपल्या कोष्टकात ते निर्विवाद हिरवं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या अर्ल ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गाभण माद्यांना दिलं. जन्मलेल्या नर पिल्लांना माद्यांसारखी स्तनाग्रं राहिली. काहींच्या शिश्नाचं छिद्र टोकाला उघडण्याऐवजी खालच्या बाजूला उघडलं. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यातलं अंतर नरात मादीच्या साधारण दुप्पट असतं, प्रयोगशाळेत त्यावरूनच पिल्लू नर की मादी हे ओळखतात. या पिल्लांत ते अंतर माद्यांसारखं झालं होतं. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पेशीत ज्या जागी जाऊन बसतं, ती जागाच हे बुरशीनाशक अडवून धरतं. त्यासाठी कोणाला मारावं लागत नाही.

माझा आरोप साधा आहे. कोवळ्या नरांवर विष काय करतं हे आपण हजारो उंदरांचे जीव घेऊन शोधतो आणि छापतो. मग ते उत्तर कपाटात ठेवून, तेच उत्तर माणसाच्या पोरांकडून येण्याची वाट बघतो. प्रयोगशाळेत सुरू झालेला प्रयोग गावात पुरा होतो. गावातल्यांना मात्र आपण प्रयोगात आहोत हे कोणी सांगितलेलं नसतं.

हा आरोप हवेतला नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात नव्वदच्या दशकात एन्डोसल्फानवर काम झालं. हे तेच एन्डोसल्फान, जे आपल्याकडे थायोडान या नावाने कपाशीवर आणि तुरीवर मारलं जाई. १९९५ मध्ये वयात आलेल्या नर उंदरांवरचा अभ्यास आला. १९९७ मध्ये त्याच गटाने वाढत्या वयाचे उंदीर घेतले, तीन आठवड्यांचे, नुकतं दूध सुटलेले. किलोमागे अडीच, पाच आणि दहा मिलिग्रॅम अशा मात्रा आठवड्यातून पाच दिवस, ते मोठे होईपर्यंत दिल्या. वृषणात तयार होणाऱ्या शुक्राणुपूर्व पेशी घटल्या, शुक्राणूंचे आकार बिघडले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर कोवळ्यांतलं नुकसान अधिक ठळक, आणि ते अगदी खालच्या मात्रेलाच दिसलं. हा शोध परदेशातला नव्हे. आपल्या सरकारी प्रयोगशाळेत, आपल्या पैशाने, आपल्या शेतात सर्रास मारल्या जाणाऱ्या विषावर झालेला अभ्यास होता.

कोवळ्यांतच नुकसान जास्त का, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागू नये. रोपवाटिकेत खुरटलेलं रोप पुढे कितीही खतपाणी केलं तरी भरघोस येत नाही. वृषणात सर्टोली नावाच्या पेशी असतात. वाढत्या शुक्राणूंना धरून ठेवणं, पोसणं हे त्यांचं काम, म्हणजे त्या शुक्राणूंच्या दायाच. एक दाई ठरावीकच शुक्राणू सांभाळू शकते. या दाया वाढतात त्या फक्त कोवळ्या वयात. उंदरात जन्मानंतर पंधरवड्याभरात त्यांची संख्या कायमची ठरते, माणसात वयात येईपर्यंत. त्यानंतर ती वाढत नाही. पोटातल्या नराचं शरीर नराचं म्हणून घडवणारा काळ तर उंदरात जेमतेम काही दिवसांचा असतो. वयात येताना रक्त आणि वृषणातल्या नलिका यांच्यात पेशींची एक भिंत उभी राहते. ती रक्तातल्या बऱ्याच गोष्टी आत येऊ देत नाही. त्याआधी ही भिंत नसते. मोठ्या माणसाला विषबाधा झाली आणि तो वाचला, तर त्याचं शरीर पुष्कळदा सावरतं. पोराच्या शरीरात जे बांधलंच गेलं नाही, ते मागाहून सावरणार कसं?

आता वाट पाहण्याचा इतिहास. डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणारं रसायन. डाऊ आणि शेल या दोन कंपन्या ते बनवत. त्यांच्याच खर्चाने झालेला प्राण्यांवरचा अभ्यास १९६१ मध्ये छापून आला. उंदरांची वृषणं आक्रसली होती, आणि तपासलेल्या सगळ्यांत कमी मात्रेलाही परिणाम दिसला होता. डब्यावरच्या सूचनांत मात्र वृषणाचा उल्लेख आला नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रोपच्या कारखान्यातल्या कामगारांना आपापसांत बोलताना लक्षात आलं की आपल्यापैकी फारसं कोणाला मूल होत नाहीये. तिथे माहितीपट करायला आलेल्या दोघांनी काही जणांच्या वीर्याची तपासणी करून घेतली, मग डॉक्टर आले, आणि १६ वर्षांपूर्वी उंदरांनी दिलेलं उत्तर माणसांच्या शरीरात सापडलं. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याचे जवळपास सगळे वापर थांबले. मध्य अमेरिकेच्या केळीच्या मळ्यांत ते हाताळलेले हजारो मजूर पुढे कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले.

या प्रकरणात एक पत्र आहे. अमेरिकेतल्या पीच बागायतदारांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याने तेव्हा सरकारला लिहून सुचवलं की प्रश्न फक्त वंध्यत्वाचाच असेल, तर ज्यांना आता मुलं नकोत अशा वयस्क कामगारांनी आपखुशीने ही कामं करावीत. काहींना तर शस्त्रक्रियेऐवजी ही सोयच वाटेल, असंही त्यात होतं. पत्र निर्दय आहे. पण त्याच्या लेखकाने एक गोष्ट मान्य केली होती, की विषाचा नेम कुठे लागतो. आपल्याकडे तेवढंही मान्य होत नाही.

फ्लोरिडातल्या अपोप्का तळ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८० मध्ये शेजारच्या कारखान्यातून डायकोफॉल आणि त्यातलं डीडीटी तळ्यात गेलं. पुढे कित्येक वर्षांनी जन्मलेल्या सुसरींच्या कुळातल्या पिल्लांत, अ‍ॅलिगेटरमध्ये, लुई गिलेट यांना नरांचं टेस्टोस्टेरॉन खूपच कमी आणि शिश्न लहान आढळलं. ज्या दिवशी विष सांडलं त्या दिवशी ही पिल्लं अंड्यातसुद्धा नव्हती. हे १९९४ आणि १९९६ चं संशोधन. डायकोफॉल आपल्याकडे लाल कोळीवर वापरलं जाई, त्यावर भारतात बंदी आली २०२३ मध्ये.

आणि आता पद्रे. कासरगोड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत, डोंगरउतारावरच्या काजूच्या बागांखाली वसलेलं गाव. बागा केरळ सरकारच्याच मळे महामंडळाच्या. वीसहून अधिक वर्षं तिथे हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारलं गेलं. वर उतारावर फवारणी, खाली विहिरी आणि ओढे. डोंगरात आडवे बोगदे खोदून पाणी काढायची तिथली जुनी रीत आहे, म्हणजे डोंगरात मुरलेलं सगळं गावाच्या हंड्यात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या गोठ्यांत वाकड्या पायांची वासरं जन्मली. श्री पद्रे या शेतकरी पत्रकाराने त्यावर लिहिलं. म्हणजे इथेही पहिली साक्ष कोवळ्या जनावरांनीच दिली होती, तीही पिंजऱ्यातल्या नव्हे, दावणीच्या. कोणी ऐकलं नाही.

शेवटी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथली मुलगे तपासले. पद्रेच्या शाळेतली १०-१९ वयाची ११७ मुलं, आणि तुलनेला फवारणी नसलेल्या गावातली ९०. दोन्हीकडे वयात येण्याच्या खुणा मोजल्या: केस, वृषण, शिश्न. रक्त घेतलं. पद्रेच्या मुलांच्या रक्तात एन्डोसल्फान सरासरी ७.४७ अब्जांश, दुसरीकडे १.३७. पद्रेची मुलं त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा वयात येण्यात मागे होती. त्यांचं टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने कमी होतं, आणि वृषणाला काम करायला सांगणारं मेंदूकडचं संप्रेरक वाढलेलं होतं. म्हणजे वरून हुकूम सुटत होते, खाली काम होत नव्हतं. सैयद आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास एका गावाचा आणि एका वेळचा आहे. त्यावर शंका घ्यायला जागा आहे, आणि उद्योगाने ती मनसोक्त घेतली. पण एकट्या पद्रेच्या अभ्यासावर शंका घेणं सोपं, लखनौचे उंदीर शेजारी ठेवले की ते अवघड होतं. विष तेच, अवयव तोच, वयही तेच.

त्यानंतर काय झालं? केंद्राने नेमलेल्या समित्यांना संबंध सिद्ध झाल्याचं दिसलं नाही. जगात एन्डोसल्फानचा सगळ्यांत मोठा उत्पादक आणि ग्राहक देश भारतच होता, हे या न दिसण्याच्या संदर्भात लक्षात ठेवायला हवं. स्टॉकहोम करारात त्याचा समावेश होऊ नये म्हणून भारत शेवटपर्यंत अडून राहिला. एप्रिल २०११ मध्ये जगाने निर्णय घेतला, आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतात बंदी घातली. सरकारने नव्हे, न्यायालयाने. वाढत्या उंदरांचा अभ्यास तेव्हा १४ वर्षांचा झाला होता. पद्रेत ज्यांचं रक्त घेतलं होतं त्यांतल्या बऱ्याच मुलांची लग्नाची वयं आली होती.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मान्य. मग त्रिकोण कोणाच्या जिवावर रंगवलात? हिरवा रंग देताना उंदीर माणसाचा वकील असतो, आणि त्याच उंदराची पिल्लं निर्बीज निघाली की तो पुन्हा बिळातला उंदीर होतो. हे चालणार नाही. एक तर दोन्ही वेळा त्याचं ऐका, नाहीतर एकाही वेळी ऐकू नका. शिवाय या बाबतीत माणूस उंदरापेक्षा नाजूक आहे. नर उंदराकडे शुक्राणूंचा इतका साठा असतो की त्यातला मोठा भाग, अगदी नव्वद टक्क्यांपर्यंत, गेला तरी मादीला पिल्लं होऊ शकतात. माणसाकडे अशी शिल्लक नसते. म्हणून उंदरांना पिल्लं झाली, सबब रसायन सुरक्षित, हा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी साठ्याचा हिशेब दाखवावा.

दुसरं उत्तर मात्रेचं असतं, आणि ते जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. प्रयोगशाळेत देतात तेवढं विष जेवणातून कोणाच्या पोटात जात नाही, हे खरं आहे. म्हणूनच जगभर उंदरांना न बाधणारी मात्रा शंभराने भागतात: दहाने प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, आणखी दहाने माणसामाणसांतल्या फरकासाठी. १९९६ मध्ये अमेरिकेने कायदा करून मुलांसाठी आणखी एक दहाचा भागाकार जोडला, कारण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे हे त्यांना पटलं. आपल्या १९६८च्या कीटकनाशक कायद्यात मुलांसाठी असा वेगळा भागाकार नाही. आणि हा सगळा हिशेब जेवणातल्या अंशाचा आहे. पाठीवर गळका पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत चालणाऱ्या माणसाच्या, आणि त्याला पंप भरून देणाऱ्या पोराच्या अंगावर जे पडतं ते अंश या शब्दात मावत नाही. पाश्चात्त्य देशांतल्या पुरुषांच्या शुक्राणूंची संख्या घसरते आहे की नाही, यावर मोठा वाद चालू आहे. त्या वादात मी शिरत नाही. त्याचा निकाल काहीही लागला तरी आपल्या शिवारातल्या पोराच्या अंगावरचं ओलं शर्ट ओलंच राहतं.

आता आजचं उदाहरण घेतो, म्हणजे हा लेख जुन्या पापांची यादी वाटणार नाही. कार्बेन्डॅझिम. बाविस्टिन म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर पुडी येते. सोयाबीनचं बी, हरभऱ्याचं बी, उसाची टिपरी, द्राक्ष, भाजीपाला, सगळीकडे ते चालतं. निम्मे उंदीर मारायला त्याचे किलोमागे सहा हजारांहून जास्त मिलिग्रॅम लागतात, म्हणून त्रिकोण हिरवा. ते बुरशीला मारतं ते पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्या तयार होऊ न देता. तशाच नळ्या वृषणातल्या त्या दायांमध्येही असतात. इलिनॉय विद्यापीठात रेक्स हेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकाच मोठ्या मात्रेनंतर नर उंदराच्या दाया शुक्राणूंना धरून ठेवू शकत नाहीत. अर्धवट वाढलेल्या पेशी सुटून वाहत जातात, पुढच्या अरुंद नलिकांत तुंबतात, आणि मागचं वृषण सुकतं. दूध सुटल्यापासून वयात येईपर्यंत ते देत राहिलेल्या उंदरांची प्रजननक्षमता घटल्याचं अर्ल ग्रे यांनीच १९९० मध्ये छापलं आहे. त्या मात्रा मोठ्या होत्या, हे मी लपवत नाही. युरोपनेही ते लपवलं नाही. तरीही तिथे कार्बेन्डॅझिमची गणना जनुकांना आणि प्रजननाला घातक रसायनांत झाली, आणि २०१४ मध्ये शेतीतल्या वापराची परवानगी संपली.

आपल्या सरकारलाही हे ठाऊक होतं. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात कार्बेन्डॅझिम होतं. उद्योगाने हरकती घेतल्या, समिती बसली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा पूर्ण बंदीच्या यादीत तीन नावं उरली होती: डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल. मोनोक्रोटोफॉसच्या एका प्रकाराला मुदत मिळाली, काहींच्या लेबलावरून थोडी पिकं वगळली गेली. कार्बेन्डॅझिम दुकानात राहिलं.

पण सगळीकडे राहिलं असं नाही. २०२२ मध्ये पंजाब सरकारने बासमतीच्या हंगामात दहा कीटकनाशकांची विक्री ६० दिवस बंद ठेवली, त्यांत कार्बेन्डॅझिम होतं. तांदूळ परदेशात जाऊन परत येऊ नये म्हणून. आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशांसाठी तपासले जातात, कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं याची तक्ती बागायतदाराच्या खिशात असते. चांगलंच आहे. युरोपातल्या पोराच्या डब्यातल्या द्राक्षाची काळजी करणारी यंत्रणा आपण उभारू शकलो, म्हणजे यंत्रणा उभारता येते. द्राक्षाच्या त्याच बागेत फवारणाऱ्याच्या पोरासाठी ती नाही, कारण त्याचं रक्त कोणी परत पाठवत नाही.

पर्याय नाहीत, शेतकऱ्याने काय करायचं, हा प्रश्नही येतो, आणि विचारणारे पुष्कळदा शेतकरी नसतात. बीजप्रक्रियेसाठी ट्रायकोडर्मा वर्षानुवर्षं कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आहे. सगळ्या रोगांना ते पुरणार नाही, हेही खरं. पण तीस रुपयांच्या पुडीला पर्याय शोधण्याची जबाबदारी पुडी विकणाऱ्यांवर आणि परवाना देणाऱ्यांवर आहे, ती पुडी फोडणाऱ्यावर ढकलू नका.

इतकी वर्षं हे सगळं निमूट चालतं, याचं एक कारण आपल्या भाषेतही आहे. वांझ हा शब्द मराठीत बाईला लागतो, गाईला लागतो, झाडाला लागतो. पुरुषाला लावायचा शब्द बोलीत शोधून पाहा. नपुंसक आहे, पण त्याचा अर्थ वेगळा, आणि ती शिवी आहे. निर्बीज पुस्तकात राहतो. लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, तर सुनेला आधी देवऋषाकडे, मग नवसाला, मग तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतात. तिची पाळी, तिच्या नळ्या, तिचं रक्त सगळं तपासून होतं. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी या सगळ्यांहून स्वस्त आणि सोपी, ती सगळ्यांत शेवटी होते, झालीच तर. तोवर दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झालेली असते. लॅथ्रोपचे कामगार एकमेकांशी बोलले म्हणून त्यांचं दुखणं उघडकीस आलं. आपल्या पारावर असं बोलणं होईल का? पुरुषाचं शरीर विषाने बिघडलं तरी त्याची सजा भोगते बाई, आणि बाई बोलली तरी ती तिच्या पोटाबद्दलच बोलते आहे असं धरलं जातं.

जनावरांची साक्षही गावात अशीच दबते. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीत गुरं, शेळ्या, मेंढरं सोडतात. हंगामभर फवारलेल्या झाडांची वाळकी पानं आणि बोंडं ती खातात, त्यांत त्या वर्षीचे गोऱ्हे आणि कोकरंही असतात. त्या नरांचं पुढे काय होतं? बहुतेक गोऱ्हे औताला जुंपण्याआधी खच्ची होतात, बोकड खाटकाकडे जातात. ज्या नराचं बी आपल्याला नकोच असतं, त्याचं बी बिघडलं की नाही हे कोण बघणार? ज्याचं हवं असतं त्या वळूचं मात्र काटेकोर बघतात. उरुळी कांचनच्या बाएफसारख्या केंद्रात वळूच्या वीर्याचा प्रत्येक साठा गोठवण्याआधी आणि वितळवून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली जातो, आणि निम्मे शुक्राणू हलते नसतील तर टाकून दिला जातो. त्यात गैर काही नाही, दुधाचा धंदा त्यावर चालतो. पण या राज्यात फवारणी करणाऱ्या तरुणांच्या बाबतीत असा सूक्ष्मदर्शक फवारणीच्या पट्ट्यात का बसवला गेला नाही, याचं उत्तर आरोग्य खात्याने आणि कृषी खात्याने मिळून द्यायला हवं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात आले. चौकशी झाली, मास्क आणि हातमोजे वाटले गेले, कंपन्यांवर बोटं दाखवली गेली. मेलेले मोजता आले, म्हणून एवढं तरी झालं. जे वाचले, आणि ज्यांच्या घरची पोरं त्याच फडात पाण्याच्या घागरी वाहत होती, त्यांच्या बाबतीत कोणी पुढच्या वर्षी, पाचव्या वर्षी परत गेलं का? हिरव्या त्रिकोणाची आणि सरकारी चौकशीची नजर एकच आहे. मेलेला दिसतो.

मागणी मोठी नाही. नोंदणीसाठी कंपन्या उंदरांच्या पिढ्यांवरचे जे प्रजननाचे अभ्यास सादर करतात, ते उघड करा. त्याच रसायनाची पुढची नोंदणी मागणाऱ्यांना कायद्याच्या कलम ९(४) ने पहिल्याच्याच अटींवर परवाना मिळतो, निदान त्या वेळी तरी मधल्या काळात कोवळ्या प्राण्यांवर काय आढळलं ते विचारात घ्या. फवारणीच्या पट्ट्यांतल्या शाळांत पद्रेसारखी तपासणी दर काही वर्षांनी करा, पालकांना सांगून आणि निकाल त्यांच्या हातात देऊन. आणि पुडीवर त्रिकोणाशेजारी दुसरी खूण छापा, ज्यावरून कळेल की या रसायनाने कोवळ्या नरांच्या किंवा माद्यांच्या प्रजननाला इजा केल्याचं प्राण्यांत दिसलं आहे. त्यासाठी संसदेत विधेयक न्यावं लागत नाही. १९६८च्या कायद्याच्या कलम ३६ने केंद्राला नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. कीटकनाशक मंडळाशी सल्लामसलत करून अधिसूचना काढली की नियम १९ मध्ये भर पडते. यादी कुठून सुरू करायची असा प्रश्न पडला, तर २७ नावांची एक यादी सरकारने स्वतःच मे २०२० मध्ये छापलेली आहे.